कापसावर चालवून पाहिलेला पट्टा

इंदोरा, नागपूर
ता. ९ डिसेंबर १९८६

चि. रविंद्र यास वच्छलाताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र दिवाळीआधीच मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळं ठीक आहे. चक्की चालू आहे. भीमामायचे गुडघे थंडीत कुरकुरतात आणि त्या स्वतः वर्षभर; शेवटी सासूबाईच त्या. तुझ्यासाठी मफलर विणायला घेतला आहे. तू म्हणशील, सरकार देतं. पण सरकारला तुझ्या मानेची लांबी ठाऊक नाही.

आता तुझ्या पट्ट्याचं. वरच्या चौकीवरून आजारी जवानाला खाली आणताना बर्फावरच्या स्कूटरचा रबरी पट्टा फाटला आणि त्याला खांद्यावरून उतरवावं लागलं, हे वाचलं. तू लिहिलंस की नवा पट्टा दोन जातींचा मिळतो. एक आखूड दात्यांचा. तो कडक बर्फावर पळतो, पण भुसभुशीत चढावर जागच्या जागी खड्डा खणतो. दुसरा उंच दात्यांचा, त्यातही दोन-तीन उंची. तो चढावर पकड घेतो, पण जड, आणि तिथल्या विरळ हवेत इंजिन आधीच दमलेलं. साहेबांनी निवड तुझ्यावर सोपवली आणि तू ती माझ्यावर ढकललीस. म्हणे, रामटेककडच्या धानाच्या चिखलातले ट्रॅक्टर ज्याला माहीत आहेत अशा कुणाला तरी विचार, उंच दाते लवकर भरतात का. थोरल्या बहिणीला असलं काही विचारणारा भाऊ साऱ्या नागपुरात तू एकटाच असशील.

मी सावनेरच्या महादेवरावांना विचारलं. त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे आणि आपल्या चक्कीचं काही बिघडलं की तेच येतात. त्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "बाई, मी बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाह्यला. पन पट्टा म्हनाल तं पाहू."

पाहू म्हणजे नुसतं पाहिलं नाही, बरं का. आपल्या चक्कीचा जुना पट्टा कापून त्यांनी दोन लहान पट्टे केले, त्यांवर टायरचे तुकडे ठोकले, एकावर आखूड, एकावर उंच, आणि लाकडी रुळांवर चढवून फिरवायला दांडा बसवला. मग मला सावनेरला बोलावलं. आता बर्फ कुठून आणायचा? त्यांच्या दुकानाला लागून सरकी काढायचं जिन आहे आणि जिनाच्या अंगणात कापसाच्या गंज्या. "पांढरं हाय, भुसभुशीत हाय, चढ बी हाय," ते म्हणाले, "आनखी काय पाह्यजे?" मला तरी बर्फ कुठे माहीत! मीही मान डोलावली.

आखूड दात्यांचा पट्टा भोक पाडून सरळ आत गेला. महादेवरावांना कोण आनंद! तू लिहिलंस तसंच झालं ना. मग उंच दात्यांचा लावला. तो हातभर चढला आणि कापूस गुंडाळत सुटला. पट्टा दिसेना, रूळ दिसेनात, नुसता गुबगुबीत लोड झाला. तो सोडवायला महादेवराव गंजीवर चढले आणि कमरेपर्यंत आत गेले. मिशीला कापूस, डोक्याला कापूस, आणि तसेच उभे राहून मला गंभीरपणे सांगतात, "बाई, लिहून घ्या. उंच दाते भरतात."

रवी, मी हसले. पदर तोंडाला लावून नाही. चांगली खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जिनातल्या बाया काम सोडून बघायला लागल्या. केशव गेल्यापासून मी अशी हसले नव्हते. हसू थांबलं तेव्हा मला भीती वाटली.

असो. त्यांचा निरोप असा, की कापसाचा काही भरवसा नाही, पण चिखलात उंच दाते पकड घेतात हे खरं. फक्त इंजिनाला झेपेल तेवढेच उंच घ्यावेत. आणि घेण्याआधी पट्टा नि त्याच्यावरचा पत्रा यांच्यामध्ये जागा किती आहे ते बोट घालून बघावं, नाहीतर दाते पत्र्याला घासतील. महादेवराव म्हणतात, मधल्या उंचीचा घे. महादेवराव असंही म्हणतात, की घाटात ब्रेक जपून लाव. या पत्रात महादेवरावांचं नाव किती वेळा आलं, ते मोजत बसू नकोस.

हे पत्र मी इथंच संपवणार होते. पण तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

त्या दिवशी मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. भीमामाय दारातच उभ्या. "काहून वं, जिनात हासून राहिली होती म्हने?" मी खाली मान घालून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कमरेपावतर गेला?" म्हटलं, हो. तर त्याच हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "माहा केशव गेला तवापासून या घरात कोनी हासलं नाही वं. मी बी नाही, तू बी नाही. त्याले जेवाले बोलाव."

ते जेवायला आले. पुन्हाही आले. त्यांची बायको बाळंतपणात गेली त्याला बरीच वर्षं झाली, मूलही राहिलं नाही. मागच्या आठवड्यात त्यांनी भीमामायसमोरच मला विचारलं. म्हणाले, "मायले सोडून या, असं मी म्हनत नाही. माय आन चक्की तुमच्यासंगच राहतीन. मीच इकडे येतो."

मला हो म्हणायचं आहे. भीमामाय राजी आहेत. माझं पाऊल अडलं आहे ते तुझ्यापाशी. केशव आधी तुझा मित्र, मग माझा नवरा. तूच त्याला हाताला धरून आपल्या घरी आणलंस. अजून एकही पत्र त्याच्या आठवणीवाचून लिहीत नाहीस. मी हो म्हटलं, तर तुझा मित्र दुसऱ्यांदा जाईल असं मला वाटतं. तू नको म्हणालास तर मी नको म्हणेन आणि तुला कधी बोलून दाखवणार नाही. पण रवी, मला हे हवं आहे. तुझ्यापासून कसं लपवू?

कानटोपी घालत जा.

तुझ्या उत्तरापर्यंत कुणालाच काही न सांगणारी,
तुझी वच्छलाताई


द्वारा ५६ एपीओ
ता. २ जानेवारी १९८७

प्रिय ताईस रविंद्रचा सविनय जयभीम.

हवामान खराब होतं, डाक अडकली, म्हणून पत्र परवा मिळालं. बर्फ कापसासारखा मुळीच नसतो. तो गुंडाळला जात नाही, चिकटतो आणि दगडासारखा होतो. तरी अर्धं पत्र मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि आमच्या पंजाबी हवालदारानं हसताना चहा अंगावर सांडून घेतला. पट्ट्यावरची जागा आम्हीही मोजलीच होती, पण नागपूरचंही तेच मत पडलं म्हटल्यावर साहेबांपुढं बोलायला जोर आला. मधल्या उंचीचा पट्टा आमच्या भांडारात होताच; तो काढला, बसवला, आणि काल चौकीपर्यंत जाऊन आलो.

उरलेलं पत्र एकट्यानं वाचलं. खोटं लिहीत नाही, ताई, वाईट वाटलं. एक अख्खा दिवस तुझ्यावर रागावून होतो. कशासाठी, ते मात्र मला कुणाला सांगता आलं नसतं. संध्याकाळी पत्र पुन्हा काढलं आणि तू खाली बसून हसलीस तेवढंच चार वेळा वाचलं. तू कशी हसतेस ते मी विसरलोच होतो.

केशवला विसर, असं मी म्हणणार नाही आणि तू विसरणारही नाहीस. पण त्याची आठवण सांभाळायचं काम तू पुष्कळ वर्षं एकटीनं केलंस. आता ते मला दे. मी करीन.

रस्ता उघडेपर्यंत मला रजा नाही. माझ्यासाठी थांबू नका. विहारात जा, हार घाला, आणि माझ्या जागी तुझ्या बाजूनं भीमामायला उभं कर. त्या नाही म्हणणार नाहीत.

महादेवरावांना माझा जयभीम सांग. त्यांना भाऊजी लिहायला हात अजून वळत नाही. वळेल. तू थांबू नकोस.

केशवचा मित्र,
आणि त्याच्याही आधीपासून तुझा भाऊ,
रविंद्र