कारणाचा रकाना

लाडक्या धाकटीस,

काल फोनवर तू विचारलंस, "ताई, या खेपेला तरी नॉर्मल होईल ना गं?" मी "बघू" म्हटलं आणि ड्यूटीचं निमित्त काढून फोन ठेवला.

मागच्या वेळी तू कळा सोसत, तरी हसत आली होतीस. "माझी ताईच इथे नर्स आहे, मला कसली भीती!" असं भेटेल त्याला सांगत होतीस. पण डॉक्टरांना दुपारी लग्नाला जायचं होतं. तुझा 'निघालोय' असा फोन आला, तेव्हाच त्यांनी तुझा ऑपरेशनचा फॉर्म माझ्याकडून भरून घेतला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'बाळाचे ठोके मंदावले.' नंतर तुझ्या पोटाला यंत्र लावलं, तर ठोके अगदी ठणठणीत होते. तरी डॉक्टर ऑपरेशनच करायचं म्हणाले, तेव्हा 'खरंच?' अशा नजरेनं तू माझ्याकडे पाहिलंस. मी होकारार्थी मान डोलावली.

आमच्याकडे एकदा पोट उघडलं की दुसऱ्यांदा कोणी कळांची वाट बघत नाही. आज तुझा नवा फॉर्म भरला. कारण लिहिलं, 'आधीचं सिझेरियन.'

या वेळी खोटं लिहावं लागलं नाही गं.

हे पत्र तुझ्या हातात द्यायची छाती नसलेली,
तुझी ताई