राहिलेला नमस्कार

३ मार्च, बॉन
नातीचा, ईराचा, ताप का उतरत नव्हता ते कळलं. हृदयाच्या झडपेवरचे जंतू रक्तातून खाली गेले. ओटीपोटातल्या धमनीची भिंत पोखरली, तिथे फुगा आलाय. फुटला तर... लेकाने, नितीनने, वाक्य पुरं केलं नाही. मीही करत नाही.

४ मार्च
वाचनालयातून मुलांचं शरीराचं पुस्तक आणलं. जर्मन सोपं, चित्रं मोठी. धमन्या लाल. शब्दकोश घेऊन बसले.
ह्यांची छाती उघडली होती. शिवलीही नीट. हे उठले नाहीत.

६ मार्च
डॉक्टरीणबाई भेटल्या. पोट उघडणार नाहीत. जांघेतून बारीक नळी घालून फुग्याच्या आत अस्तराची जाळी बसवायची. मी विचारलं, जंतू आहेत तिथेच बाहेरची वस्तू? नितीनला ते जर्मनमध्ये विचारायचं नव्हतं, पण त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "गेनाऊ." अगदी बरोबर. "भीती तीच आहे." भिंत टाके धरणार नाही, आणि थांबण्याइतका वेळ नाही. पुढचं औषधावर. जंतू जाळीवर बसले तर पोट उघडावंच लागेल.
सूनबाई, आन्के, सही करून बराच वेळ पेन धरून बसली.

९ मार्च
सकाळी नेताना ईरा कॉटवरून उतरायला लागली. नमस्कार करायला. पोहण्याच्या परीक्षेलाही वाकल्याशिवाय जात नाही, मीच लावलेली सवय. निजवलं. म्हटलं, नंतर.
जाळी बसली.
दुपारी आत सोडलं. पाय सरळच ठेवायचा होता. गुंगीत मला पाहिलं आणि गुडघा वर घेऊन उठायला लागली. राहिलेला नमस्कार! पट्टी लाल झाली. नर्सने दोन्ही हातांनी जांघ दाबून धरली. आन्के पांढरीफटक.
थांबलं रक्त.
ती परत हलायच्या आत मीच तिच्या पावलांना हात लावला. म्हटलं, "झाला. आता पडून राहा."
"आजी, दास गेट डोख निश्ट," म्हणाली. असं नसतं म्हणे.
नितीन हळूच म्हणाला, "आई, पाप लागेल तिला." म्हटलं, माझ्या नावावर घाल. आन्के हसली. मग रडली.

१४ मार्च
पुन्हा थोडा ताप. साधा असेल. जाळीवरचाही असेल. रक्त तपासायला गेलंय, बाई नक्की काही सांगत नाहीत.
ईराला उभं राहायची परवानगी मिळाली. उतरली ती माझ्यासमोरच.
"तुझा झाला. माइनर निश्ट." माझा राहिलाय.
वाकू दिलं नाही. म्हटलं, घरी कर. दारातच उभी राहीन मी.