अर्धी भाकरी खाणारा नवरा

रेल्वे कॉलनी, दौंड

माझ्या कुंकवाच्या धन्यास रंभाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

सूनबाई आन् बाळ खुशाल हायेत. जयसिंगनं टी.व्ही. आणलाय, म्हणून रविवारी निम्मी कॉलनी सिनेमा बघायला आपल्याच घरात बसती.

परवाच्या सिनेमातला नवरा घरी अर्धीच भाकरी खायचा. बाया म्हणल्या, बिचारा कामानं थकलाय. मी म्हणलं, न्हाई, ह्यो कुठंतरी जेवून येतोय. शेवटी त्याचं दुसरं घर निघालंच!

आपली म्हैस बरी हाय ना?

तुम्ही लिवलंय, दोन्ही वेळंला गरम भाकरी मिळती, तू सावकाश ये. वाचून बरं वाटलं. पण तुम्हांला तर चूलबी पेटवता येत न्हाई.

मी शनिवारी तळेगावला येतीया. भाकरी थापणारीला घरीच थांबवा.

तुमची,
रंभा