हवेचं बटण

मालाड,
रविवार, १ मार्च १९८७

चंद्रप्रकाश भावोजींना जानकीचा नमस्कार.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. कुंदाची परीक्षा तोंडावर आली आहे, ती अभ्यासात असते.

तेराव्याला तुम्ही आलात, सगळ्यांसमोर रडलात. पानावरून उठताना म्हणालात, "वहिनी, सहदेवच्या नावाने मुलुंडला कार्यक्रम ठेवतो. त्याचा अकॉर्डियन तेवढा द्या." मी मान हलवली. शेजारच्या धोंडूंच्या टेम्पोतून आज पाठवते आहे. पत्र अकॉर्डियनच्या खोक्याच्या झाकणात ठेवलं आहे, म्हणजे खोकं उघडल्यावरच मिळेल. आज संध्याकाळच्या कार्यक्रमाची सगळी तिकिटं गेली असं ऐकलं. बरं झालं.

ह्यांनी तुमच्या बँडमध्ये अठरा वर्षं वाजवलं. गोराईला ख्रिस्ती लग्नांत, घाटकोपरला गरब्यात, गणपतीत आमच्या बाल्यानाचाला, हीच पेटी; अकॉर्डियनला हे पेटीच म्हणायचे. गोदीत एका पोलिश खलाशाने ह्यांना सांगितलं होतं, पीक घरात आलं की त्याच्या गावीही हीच वाजते. हे म्हणायचे, "जिथं जाईल तिथले लोक म्हणतात, ही आमचीच."

मग तुम्ही कीबोर्ड आणलात. आमच्या घरी बसून ह्यांना म्हणालात, "सह्या, पेटी गळ्यात घालून उभा राहा. हवेचं बटण दाबून नुसता भाता हलव, म्हणजे सूर निघणार नाही. आवाज कीबोर्ड काढेल. झकास दिसतं रे! पब्लिकला काय कळतंय?"

दोन वर्षं हे तसे उभे राहिले. एकदा गोराईचे पास्कोलमामा, तेही पेटी वाजवतात, स्टेजवर चढले, ह्यांच्या पेटीला कान लावला. "काय रं सहदेव, तुजी पेटी मेली का?" तुम्ही माइकवरून म्हणालात, "पेटी नाय मामा, वाजवणारा मेलाय!" लोक पोट धरून हसले.

त्यानंतर ह्यांनी घरीसुद्धा पेटी उघडली नाही. आजारपणात गोळ्या उशीखाली लपवायचे. हे गेल्यावर डॉक्टर म्हणाले, कावीळ. मला ते पटलं नाही.

पेटीतले सूर मी काढून घेतले आहेत. सूर म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी पट्ट्या, त्या मेणात बसवलेल्या असतात. ह्यांना मेण मीच वितळवून द्यायची, त्यामुळे हात बसला आहे. पास्कोलमामांची पेटी त्याच बनावटीची. सगळे सूर तिच्यात बसले. आज गोराईला त्यांच्या नातीच्या लग्नात वाजतील. तुमच्याकडे लाकूड, कातडं आणि भाता आला आहे. तुमच्या नव्या वादकाला सांगा, बटणही दाबायला नको.

एक गोष्ट मघाशी लिहायची टाळली. तुम्ही कीबोर्डचं सांगायला घरी आलात, त्या दिवशी ह्यांनी तुम्हाला साफ नाही म्हटलं होतं. तुम्ही गेल्यावर मीच म्हणाले, "नुसतं उभं तर राहायचंय. त्यात काय एवढं?" दुसऱ्या दिवशी हे तुमच्याकडे आले, हो म्हणाले.

माझं मी रोज भोगते आहे. तुम्ही एक संध्याकाळ भोगा.

खाली 'आपली' लिहायची रीत आहे. ते लिहवत नाही.

जानकी सहदेव राणे