लोडर बसवला ते वर्ष

८ जानेवारी २००५
कमरेला पट्टा आला! डॉक्टर म्हणाले, सहा महिने वजन उचलायचं नाही, घागरसुद्धा नाही. घरी आले आणि पहिली काय उचलली, तर घागर. तिथंच मटकन बसले.

ह्यांना फोन केला. आमचे हणमंतराव लातूरला आहेत, लेकीबरोबर, उज्वलाबरोबर. बारावीच्या पोरांसोबत तिथं आया खोली करून राहतात, आमच्याकडं बाप राहिलाय. अकरावीला खानावळीचं खाऊन पोरीला कावीळ झाली, म्हणून कोणीतरी जायलाच हवं होतं. स्वयंपाक ह्यांचा माझ्यापेक्षा चांगला, आणि ट्रॅक्टर मी ह्यांच्यापेक्षा बरा चालवते. मग वाटणीला अवघड काय? गाव मात्र अजून हसतं.

"म्या येतो परत," म्हणाले. "शेणखत कोण भरंल? गडी समदे हैदराबादला. पोरीला होस्टेलला टाकू."

नको म्हटलं. काहीतरी सुचेल.

११ जानेवारी
सुचलं! ट्रॅक्टरला पुढं बकेट लावायचं, जेसीबीला असतं तसं. लोडर म्हणतात त्याला. खत तेच उचलेल, मी नुसता दांडा ओढायचा. कंधारला मकसूदभाईंच्या गॅरेजवर गेले. ट्रॅक्टरभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "भाभी, मशिन ब्याऐंशीचं हाय. म्हाताऱ्याला कुस्तीत उतरवून राहिले तुमी." मग दाढी खाजवली. "पन करू. मला बी लई दिवसापासून करून बघायचं होतं."

म्हणजे आधी कधी केलेलं नाही! त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

१२ जानेवारी
फोनवर सांगितलं तर हे आधी हसले. मग म्हणाले, "पाडव्यापर्यंत वाट बघतो. न्हाई जमलं तर पोरगी होस्टेलला अन् म्या घरी." म्हणजे ऐन मेडिकलच्या सीईटीच्या तोंडावर पोरगी पुन्हा खानावळीच्या त्या पिवळ्या वरणावर! नाही, जमवायचंच.

१९ जानेवारी
लातूरच्या गाडीनं पार्सल आलं. ह्यांनी भंगारबाजार पालथा घालून तेलाच्या जोरावर उचलणारे तीन जॅक आणि तेलाची वाट फिरवणारा दोन दांड्यांचा व्हॉल्व्ह शोधलाय. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर ढिगारे उपसायला ज्या मशिनी आल्या होत्या, त्यांचे तुकडे अजून तिथं निघतात म्हणे. कंडक्टर म्हणाला, "बाई, पुढच्या बारीला रणगाडा येनार का?" पोत्यात खाली शेंगदाण्याची चटणी होती. बरणीला तेल लागलेलं, जॅकचं. पुसून खाल्ली.

२६ जानेवारी
मकसूदभाई रोज येतात. पंपातून तेलाची एक लोखंडी नळी मागच्या लिफ्टला जाते, त्या तेलावर नांगर उचलतो. ती नळी मधेच तोडून व्हॉल्व्ह बसवायचा. तेल आधी व्हॉल्व्हमध्ये येणार, तिथून पुढं लिफ्टला. पंप एकच, कामं दोन. मी पाने देते, ते शिव्या देतात — पान्यांना.

आता एक गोष्ट फक्त इथंच लिहिते. ह्यांनी परत येऊ नये, असं मला वाटतं. एवढ्यात तरी नको. भांडण नाही, काही नाही. माणूस गरीब गाय. पण वीस वर्षांत पहिल्यांदा चहा मला हवा तेव्हा होतो. कुठल्या वावरात काय पेरायचं ते मी ठरवते. कुठं चाललीस, कधी येणार, कोणी विचारत नाही. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाते, ऐकायला फक्त बगळे. पोरीचं नाव पुढं करते खरं, पण लोडर मला माझ्यासाठीच हवाय. शी! लिहिलं एकदाचं.

२ फेब्रुवारी
आज चाचणी. नारळ फोडला. मकसूदभाई ईदचा नवा शर्ट घालून आलेले, पांढराशुभ्र. मी दांडा ओढला आणि बकेट उठलं! चांगलं डोक्याच्या वर गेलं. आमचे चुलत दीर साहेबराव नावं ठेवायला म्हणूनच आले होते, तेसुद्धा "आयला!" म्हणाले.

मग मी नांगर उचलायला मागचा दांडा ओढला. फाट्कन आवाज! व्हॉल्व्हचे रबरी सील उडाले आणि मकसूदभाई डोक्यापासून पायापर्यंत तेलात. पांढरं काही उरलंच नाही — दात सोडून.

साहेबरावांना हसून हसून ठसका लागला.

३ फेब्रुवारी
मकसूदभाई आले नाहीत. साहेबराव दोनदा येऊन गेले.

९ फेब्रुवारी
नवे सील, तोच प्रकार. बकेट चालतं, पण नांगर उचलायला गेलं की सील जातात. मकसूदभाईंचा चेहरा एवढासा झालाय. "भाभी, भंगारातला माल हाय, दुसरं काय." ह्यांचा फोन आला तेव्हा 'चाललंय' म्हटलं. खोटं बोलले.

१२ फेब्रुवारी
गव्हाला पाणी देत होते. वरच्या वाफ्यातून निथळलेलं पाणी मी खालच्या पाटातच सोडलं होतं, आळस, दुसरं काय! खालचं दारं लावलं तसा पाट तुंबला आणि वरचा बांध फुटला. चिखलात उभी राहिले आणि एकदम डोक्यात उजेड पडला.

तशीच चिखलाच्या पायांनी कंधारला. "मकसूदभाई, जॅकमधून माघारी येणारं तेल कुठं जातं?"

"पुढं, लिफ्टला. समदं एकाच नळीत."

"मग लिफ्टनं जोर लावला की मागं तुंबणारच! पुढं जाणाऱ्याचा पाट वेगळा पाहिजे, माघारी येणाऱ्याचा वेगळा."

त्यांनी दुरुस्तीला आणलेला व्हॉल्व्ह हातात घेऊन किती तरी वेळ फिरवला. त्याच्या बाजूला एक बूच आहे, ते कशासाठी हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांनी ते काढलं, आत वाकून पाहिलं. "या अल्ला," म्हणाले, "भाभी, इथंच तर हाय दुसरी वाट!"

२० फेब्रुवारी
नांदेडच्या लेथवरून बुचाच्या जागी बसणारा पोकळ तुकडा करून आणला. आता लिफ्टची नळी त्या तुकड्यातून, आणि माघारी येणाऱ्या तेलाला वेगळा पाइप, थेट टाकीत. बकेट उचललं. नांगर उचलला. पुन्हा दोन्ही. दहा वेळा! थेंब गळला नाही. मकसूदभाई आज जुना शर्ट घालून, चार हात लांब उभे होते.

भरलं बकेट उचललं की मागची चाकं हलकी होतात. वजनाला साहेबरावांना नांगरावर उभं केलं. त्यांच्या आयुष्यातलं पहिलं उपयोगी काम.

९ एप्रिल, पाडवा
गुढी उभारली आणि लगेच खताला लागले. दुपारपर्यंत सहा ट्रॉल्या, कमरेला कळसुद्धा नाही! ह्यांना सांगितलं. "मंग म्या काय येत न्हाई," म्हणाले. मागं भांड्यांचा आवाज. शेजारच्या खोल्यांतली, आया गावीच राहिलेली चार पोरं ह्यांच्याकडं जेवायला असतात आता. "पोळ्या करून राहिलो, नंतर बोलतो," म्हणून फोन ठेवला. मी इतकी खूश, की बगळ्यांना दोन गाणी जास्त.

८ मे
बारावीच्या परीक्षेमागून सीईटीही झाली. पोरगी म्हणते पेपर बरा गेला. तिचं 'बरा' म्हणजे छान असतं.

१६ जून
निकाल! भरपूर मार्क! नांदेडला मेडिकलला नंबर लागेल असं सगळे म्हणतात. तिथं सरकारी होस्टेल आहे. म्हणजे लातूरची खोली सुटली. रविवारी दोघं येतील. पेढे वाटले. मग घर झाडलं, ह्यांची खुंटी मोकळी केली, आणि जरा फुरंगटून बसले. झालं, आता पुन्हा 'कुठं चाललीस'!

१९ जून, रविवार
उज्वला एकटीच आली. सोबत चिठ्ठी. नवीन पोरं आलीत, चौदा जण जेवायला आहेत, त्यांच्या आया सोडत नाहीत. "औंदा बी इथंच राहतो म्हणतो. मला इथं लई करमून राहिलंय. तुझं तर तिकडं बेस चाललंय."

फोन केला. खुशाल राहा म्हटलं, हसून. हेच तर हवं होतं मला.

ते येणारच आहेत याची खात्री होती, म्हणून येऊ नयेत असं वाटायचं. खुंटीवर काय अडकवू आता?