पेण ते गाव, न थांबता

१० ऑगस्ट, रवि.
गावकीची बैठक, देवळाच्या ओट्यावर. बायका नेहमीसारख्या खाली पायरीवर. मी वर जाऊन बसले. कोणी उठवलं नाही. चहा मात्र माझ्यापर्यंत आला नाही.

विषय नवरात्राची ज्योत. कार्ल्याला देवीपाशी पेटवायची, घाट उतरून खोपोली, पेण, नागोठणे करत गावात आणायची. पोरं आळीपाळीने मशाल धरून धावतात, बाकीची मागे टेम्पोत. निडी स्टेशनपासून देवळापर्यंतचा शेवटचा टप्पा आमच्या घराचा. तो मान. बाबा गेले मार्गशीर्षात. मला भाऊ नाही.

आप्पाकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, मंडळाचे अध्यक्ष. म्हणाले, "मान पोराकडं जातो. आमचा बंटी हाय."
म्हटलं, मी धावते.
"तू? कंपनीतले मीटर तपासायचेत काय इथं?"
हसले सगळे. मग काकांना चेव आला. "पायजेच ना मान? मग पेणपासून आण. एकटीनं. हातातून सोडायची नाय, टेम्पोत बसायचं नाय, थांबायचं नाय."
मी माघार घ्यावी म्हणून. विचारलं, सगळ्यांनी ऐकलं ना? ऐकलं होतं.

बाबा तो टप्पा धावत ते दोनेक कि.मी. पेणपासून तीसच्या आसपास.

१२ ऑगस्ट, मंगळ. पेण, खोलीवर.
सलग तीस मला जमणार नाही. त्यामुळे चार मिनिटं धाव, एक मिनिट चाल, पहिल्यापासून. दमल्यावर चालायला लागलं की पाय पुन्हा धावायला तयार होत नाहीत, हे कॉलेजात बघितलंय.

दुसरा फायदा ज्योतीचा. जोरात धावलं की वाऱ्याने ती दबते. पोरांची दर वर्षी विझते, मग टेम्पोतल्या कंदिलावरून पेटवतात. कंदीलही देवीपाशीच लावलेला असतो, म्हणून चालतं. त्याबद्दल बैठकीत कोणी बोललं नाही.

२४ ऑगस्ट, रवि.
पेण-वडखळ आणि परत. हातात मशालीच्या वजनाचा लोखंडी पाईप. रस्ता गणपतींच्या टेम्पोंनी भरलेला, सगळे प्लास्टिकखाली. एका ड्रायव्हरने विचारलं, "ताई, कुणाला हाणायला चाललाय?" "यादी मोठी आहे" असं काही म्हटलं नाही.

संध्याकाळी काकांचा फोन. कोणीतरी बघून कळवलं होतं.
"चालत होतीस म्हणं. चालत आणायला ती काय भाजीची पाटी हाय गो?"
"थांबायचं नाही म्हणालात. मी थांबत नाही."
"ज्योत धावतच येते."
"हे तेव्हा म्हणाला नव्हता."
फोन ठेवला त्यांनी. अट आता बदलणार. बदलू दे, ओट्यावर वीसेक माणसं होती.

७ सप्टें., रवि. गाव.
काकी आली. आईशी बोलत होती, मला ऐकू जाईल असं. "पोरीला विचार गो, घटाच्या दिवशी अडचण तर नाय ना तिची. मागनं गावाला नको."
आईने माझ्याकडे बघितलं. मी तारीख सांगितली नाही. काकीला चहा करून दिला, साखर कमी घातली.

ती गेल्यावर आई, "दे ना सोडून. मान काय खायचाय? मला इथंच राहायचंय, त्यांच्याच विहिरीवर."
"बाबांनी सोडला असता?"
"बाबांना बायकोपेक्षा ज्योत मोठी होती. तुझं पण तेच."
जेवलो दोघी, वेगवेगळ्या वेळी.

माझी श्रद्धा किती, मला सांगता येणार नाही. काकांना तो टप्पा मिळू नये, एवढं नक्की.

१४ सप्टें., रवि.
शिफ्ट सुटताना डोलवीला आमच्या कंपनीच्या गेटवर बंटी उभा. तोही तिथेच, कंत्राटदाराकडे, क्रेनवर. म्हणाला, "मशालीच्या तेलावर मी हाय. पेणपासून तुझ्याबरोबर, गाडीवर. बापानं सांगितलंय, नजर ठेव."
निदान तोंडावर सांगितलं.
"एक सांगू? नागोठण्यापर्यंत बस माझ्यामागं. कोण बघतंय?"
"तू."
"मी काय बोलतोय?"
हेच कळत नाही, म्हणून बसणार नाही. हे त्याला म्हटलं. तो बराच वेळ हसत होता. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

२२ सप्टें., सोम. घटस्थापना.
पोचले. ज्योत देवळात. उजवं मनगट पट्टीत, पेन धरवत नाही.

२५ सप्टें., गुरु.
आता लिहिता येतंय. क्रमाने.

पेणला उजाडताना ज्योत हातात आली. आणणाऱ्या पोराने माझ्याकडे न बघता दिली. मशालीला वरून देवीची उतरवलेली साडी गुंडाळलेली, दर वर्षीची रीत. पूर्वी साड्या सुती असायच्या. आता लोक वाहतात त्या चमकणाऱ्या, धुवायला सोप्या. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. दिवसभर असल्याच गोष्टी तपासते मी.

वडखळपर्यंत सगळं ठरल्याप्रमाणे. चाल आली की बंटी गाडी जवळ घेऊन तेल ओतायचा, धाव आली की मागे. डोलवीला सकाळच्या शिफ्टचे लोक रस्त्याकडेला चपला काढून उभे. माझ्या विभागातला एक जण हात जोडून होता. मला ओळखलं तेव्हा त्याचे हात खाली आले. मग परत जोडले.

पुढे तेल खालपर्यंत मुरलं आणि साडी वितळायला लागली. पेटते थेंब. धावताना ते मागे उडत, रस्त्यावर. चालायला लागले की सरळ खाली, मनगटावर. म्हणजे ज्या मिनिटाला दम घ्यायचा त्याच मिनिटाला भाजणार. पोरांना हे कधी कळलं नसेल. त्यांच्या हातात ती थोडा वेळ, आणि ती चालत नाहीत.

मग वेळापत्रक सोडलं. थेंब सुटले की धाव, ते जरा कमी झाले की चाल. मशाल बाजूला तिरपी धरली तर थेंब चुकायचे, पण दंड भरून यायचा. हात बदलत राहिले.

नागोठण्याच्या अलीकडे मोठा गोळा पडला, मनगटाच्या आतल्या बाजूला, चिकटूनच बसला. त्याने कातडी ओढली.

मी उभी राहिले.

किती वेळ, माहीत नाही. घड्याळ हातात होतं, बघितलं नाही. ज्योत सोडली नाही, एवढं आठवतं. टेम्पो मागे रेल्वे फाटकाला अडकला होता. रस्त्यावर बंटी आणि मी. त्याने बाटलीतलं पाणी मनगटावर ओतलं. म्हणाला, "दे इकडं, येडी हायस काय." नाही दिली. मग त्याने गाडी बंद केली. गाडी ढकलत माझ्या बाजूने चालायला लागला, तेव्हा मीही चालायला लागले.

निडीला गाव जमलेलं. शेवटचा टप्पा पूर्ण धावले. तो बाबांसारखाच पुरा व्हायला हवा होता.

देवळाच्या दारात आप्पाकाका, हात पुढे केलेला. "बास. चालत आणलीस, सगळ्यांनी बघितलंय. दे बंटीच्या हातात."
म्हटलं, "बाजूला व्हा. थेंब पडतायत."
खरंच पडत होते, त्यांच्या पायांपाशी. ते मागे सरले. मी आत जाऊन नंदादीप लावला.

आई गर्दीत होती. घरी मनगटाला कोरफड लावली तिने, मऊ हाताने लावली असं म्हणता येणार नाही.

साडी मुद्दाम तसली निवडली का? काकी दर वर्षी गुंडाळते. मुद्दाम म्हणावं असा पुरावा नाही. मी तिला विचारणार नाही. ती दोनदा ओटीवरून गेली, मनगटाकडे बघितलं.

३ ऑक्टो., शुक्र.
काल दसरा. सोनं द्यायला काका आले नाहीत, आम्ही गेलो नाही.

बैठक परवा. चालण्यावरून मान काढता येत नाही, ओट्यावरच्या दोघातिघांनी तसं स्पष्ट सांगितलं म्हणे. त्यामुळे काकांचा प्रश्न आता एकच, वाटेत थांबली का? बंटी बरोबर होता, तो देवीपुढे सांगेल. थांबले असेन तर मान त्याचाच.

बघणारा तो, मिळणार त्याला, सांगणारही तोच. असलं मोजमाप कंपनीत कोणी मान्य केलं नसतं.

आई म्हणाली, "त्याला भेट, बोल."
"काय बोलू?"
"गोड."
मला ते येत नाही, हे तिलाही माहीत आहे.

आत्ता बंटीचा मेसेज: "परवा मी काय सांगू?"
विचारतोय, की सौदा करतोय? चार शब्दांतून कळत नाही. त्याने पाणी ओतलं होतं. त्याच्या बापाने त्याला पाठवलं होतं. दोन्ही खरं.

"जे बघितलंस ते" असं टाईप केलं. पाठवलेलं नाही. तो ऑनलाईन दिसतोय.