हातचं पाणी

मुंबई, ६ मार्च १९७५

ती. मालनमामींस,

देवानंदचा सविनय जयभीम. वि. वि. कालवश मामांचं पाण्याचं नाटक टीव्हीवर घ्यायचं ठरलं आहे. ते बसवून द्यायचं काम माझ्याकडे आलं, माझं पहिलंच! तीन तासांचा जलसा चाळीस मिनिटांत कोंबताना राजाचं काम गेलं, तुमची दोन गाणी गेली. रागावू नका.

अडलं आहे शेवटाशी. तुम्ही भरला तांब्या पुढे धरून उभ्या राहता, आणि समोरच्या गर्दीतून गावातलं कुणीतरी उठून तुमच्या हातचं पाणी पितं, तेव्हाच खेळ संपतो. स्टुडिओत प्रेक्षकच नाहीत. टीव्हीतले साहेब म्हणतात, गावकऱ्याच्या वेषात एक नट ठेवू. मामांच्या मागे नाटक तुमचं, तेव्हा होकार कळवा.

मायेवर हक्क सांगणारा,
देवानंद

परतूर, १४ मार्च १९७५

चि. देवानंदास,

मामीचा जयभीम. राजा काढलास ते बरं केलंस. आपल्या जलशातले तातेराव त्या कामात जन्मभर अडखळले. गाण्यांचा राग मात्र आला आहे, तो भेटीत काढीन.

शेवटाला हात लावायचा नाही. अंबडकडच्या एका गावात कुणीच उठलं नव्हतं. मी घाबरले, आपल्यातल्याच कुणी पुढे व्हावं म्हटलं. तुझे मामा म्हणाले, “आपलंच पाणी आपणच पिऊन खेळ संपवायचा न्हाई.” खेळ अर्धा ठेवून आम्ही गाडी जुंपली. पुढच्या साली त्याच गावात, राहिलं होतं तिथूनच, तांब्या धरून सुरुवात केली. एक म्हातारी उठली आणि घटाघटा प्यायली.

साहेबाला सांग, भाड्याचा गावकरी बिलकुल चालणार नाही. एवढाच कळवळा असेल तर स्वतः उठून प्यावं.

जिवाला जप, माया आहे तशी आहे.
मालनबाई

मुंबई, २ एप्रिल १९७५

ती. मामींस,

सविनय जयभीम. काल आपला खेळ स्टुडिओतून थेट दाखवला. साहेबांनी ऐनवेळी नट आणलाच होता. मी त्याला दारातच अडवलं. तुमचं काम करणाऱ्या बाई तांब्या धरून उभ्या राहिल्या. साहेब काचेमागून हातवारे करत होते, पण उठून कुणी आलं नाही. वेळ संपली, बातम्या लागल्या.

मला पुढे काम देणार नाही, असं साहेबांनी तिथेच सांगितलं. त्याचं काही वाटत नाही. मामांचा खेळ माझ्या हातून अर्धा राहिला, याचं मात्र फार वाईट वाटतं.

तुमचाच,
देवानंद

परतूर, ९ एप्रिल १९७५

चि. देवानंदास,

जयभीम. डोळे पूस. कुणी उठलं नाही, म्हणजे मुंबईत खेळ अजून चालू आहे.

यंदा भीमजयंतीला मी तुझ्याकडे येते. टीव्हीवाल्यांनी आत घेतलं नाही, तर त्यांच्या दारात तांब्या भरून उभी राहीन. कुणीतरी प्यायल्याशिवाय परतूरची गाडी धरणार नाही.

स्टेशनवर घ्यायला ये, एवढा लोभ पुरे.
मामी